नेट नसतानाही मोबाईल टीव्हीवर

मोबाईलवरचं टीव्हीवर दिसायला इंटरनेट लागतंच, हा समज आधी बाजूला ठेवा. या एका समजामुळे आपल्या आंबेगावच्या भागात कितीतरी घरांत आणि शाळांत चांगला ३२ इंची टीव्ही भिंतीवर नुसता लटकलेला असतो. घोडेगावच्या बाजारपेठेत, तहसील कचेरीच्या आसपास रेंज मिळते. पण डिंभ्याच्या पुढे गेलं, आहुपे खोऱ्यात किंवा पाटण खोऱ्यात शिरलं, की फोनवरच्या रेघा एकेक करून कमी होतात. मग ‘इथं नेट नाही, टीव्हीचं काही जमायचं नाही’ असं म्हणून विषय तिथंच थांबतो. तो थांबायला नको. फोन आणि टीव्ही एका खोलीत असतील, तर फोनमधला फोटो, मुलांचा धडा, गावाचा नकाशा किंवा लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर न्यायला बाहेरून काहीही यावं लागत नाही.

वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायफाय म्हणजे जवळच्या दोन यंत्रांना जोडणाऱ्या रेडिओ लहरी. राऊटरच्या मागे ब्रॉडबँडची केबल आलेली असेल तर त्या लहरींवरून इंटरनेटही येतं. केबल नसेल तरी लहरी असतातच, आणि त्यांवरून फोन टीव्हीशी थेट बोलू शकतो. एवढं पक्कं समजलं की पुढची निम्मी अडचण संपते.

फोनवरचं टीव्हीवर दाखवायच्या मुख्य वाटा दोन. पहिलीत फोन आपला पडदा जसाच्या तसा टीव्हीकडे पाठवत राहतो. तुम्ही फोनवर जे कराल ते टीव्हीवर दिसतं. याला स्क्रीन मिररिंग म्हणतात. दुसरीत फोन टीव्हीला फक्त सांगतो की अमुक व्हिडिओ लाव, आणि टीव्ही तो व्हिडिओ स्वतः इंटरनेटवरून आणतो. मग तुम्ही फोनवर कॉल घ्या, फोन खिशात टाका, टीव्हीवरचं चालूच राहतं. हे कास्टिंग. पहिलीला नेट लागत नाही, दुसरीला लागतंच. गोंधळ होतो तो नावांमुळे. बऱ्याच फोनांच्या मेनूत दोन्हींसाठी ‘कास्ट’ हाच शब्द दिलेला असतो, त्यामुळे आपण कोणत्या वाटेने चाललो आहोत हेच कळत नाही आणि माणूस भलत्या ठिकाणी दोष शोधत बसतो.

आपल्याकडे जास्त उपयोगाची आहे ती पहिली वाट, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

तिच्यामागच्या तंत्राचं नाव मिराकास्ट. वायफाय अलायन्स या संघटनेने ते २०१२ मध्ये आणलं. त्यात फोन आणि टीव्ही यांच्यामध्ये राऊटरही लागत नाही. सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या बहुतेक फोनांत ते असतं, फक्त प्रत्येकाने नाव वेगळं ठेवलं आहे. सॅमसंगमध्ये ‘स्मार्ट व्ह्यू’, विवोत ‘स्मार्ट मिररिंग’, ओप्पो आणि रिअलमीत ‘स्क्रीनकास्ट’, शाओमीत ‘कास्ट’. फोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढलं की जे चौकोन उतरतात त्यांत हे सापडतं. तिथं नसेल तर सेटिंग्जमध्ये वरच्या शोधाच्या जागी ‘कास्ट’ किंवा ‘मिरर’ लिहून पाहा. गूगलच्या पिक्सेल फोनांत मात्र मिराकास्ट मिळत नाही. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून गूगलने ते मूळ अँड्रॉइडमधून काढलं. इतर कंपन्यांनी ते आपापल्या फोनांत ठेवलं, म्हणून आपलं काम चालतं.

आता करायचं कसं. आधी टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबा आणि यादीत ‘स्क्रीन मिररिंग’, ‘स्क्रीन शेअर’, ‘वायरलेस डिस्प्ले’ किंवा ‘मिराकास्ट’ यांपैकी जे दिसेल ते निवडा. काही टीव्हींत हे ॲपच्या रूपात असतं. टीव्ही वाट पाहतो आहे असा पडदा आला की फोनकडे वळा. फोनचं वायफाय चालू करा. ते कोणत्याही राऊटरला जोडलेलं नसलं तरी चालेल, पण वायफायचं बटण बंद असेल तर काहीही होणार नाही, आणि बहुतेक ठिकाणी घोडं इथंच अडतं. मग स्मार्ट व्ह्यू किंवा कास्ट उघडा. थोड्या वेळात टीव्हीचं नाव दिसेल, त्यावर बोट ठेवा. टीव्हीवर ‘परवानगी द्यायची का’ असं विचारणारी चौकट येईल, तिला रिमोटने होकार द्या. ही चौकट काही सेकंदच राहते, म्हणून रिमोट हातात ठेवूनच बसावं. चित्र आलं की फोन आडवा धरा आणि ऑटो रोटेट चालू ठेवा, म्हणजे टीव्हीचा पूर्ण पडदा भरेल. उभ्या फोनचं चित्र मधोमध अरुंद पट्टीसारखं दिसतं. त्यात टीव्हीचा काही दोष नसतो.

नवीन टीव्ही घेणार असाल तर घोडेगावात किंवा मंचरला दुकानात पैसे मोजण्याआधी एक परीक्षा घ्या. आपला फोन फ्लाइट मोडवर टाका, मग फक्त वायफाय चालू करा आणि दुकानदाराला म्हणा, आता या टीव्हीवर माझ्या फोनमधला फोटो दाखवा. त्याने दाखवला तर हा टीव्ही तुमच्या वाडीवर, रेंज नसलेल्या घरातही चालेल. ‘घरी गेल्यावर नेट जोडलं की होईल’ असं उत्तर आलं तर त्या टीव्हीत फक्त कास्टिंग आहे, मिराकास्ट नाही. गूगल टीव्ही असलेल्या बऱ्याच संचांची हीच गोष्ट आहे. ते उत्तम असतात, पण त्यांना फोनसोबत एकाच वायफायवर आणावं लागतं आणि त्यामागे इंटरनेट लागतं. ज्याच्या घरी ब्रॉडबँड आलं आहे त्याला याने फरक पडत नाही. तेरुंगण किंवा आहुप्याच्या माणसाला फार पडतो. खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांत हे कोणी छापत नाही, म्हणून परीक्षा दुकानातच घ्यायची.

साध्या, म्हणजे स्मार्ट नसलेल्या एलईडी टीव्हीलाही हे करता येतं. त्याच्या मागे किंवा बाजूला एचडीएमआयची खाच असली की तिथं मिराकास्टचं डोंगल बसवायचं. डोंगल घेतानाही वरचीच फ्लाइट मोडची परीक्षा. फायर टीव्ही स्टिक आपल्याकडे २०१७ पासून मिळते, पण तिच्या सगळ्याच मॉडेलांत मिररिंग नाही, आणि पहिल्यांदा सुरू करताना तिला नेट लागतंच. ज्या मॉडेलांत सोय आहे त्यांत रिमोटवरचं घराच्या चित्राचं बटण दाबून धरलं की ‘मिररिंग’ हा पर्याय येतो. डोंगलला वीज टीव्हीच्या यूएसबी खाचेतून देऊ नका. ती बऱ्याचदा अपुरी पडते आणि चित्र मधेच तुटतं. सोबत आलेला चार्जर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा.

जोडलं गेलं पण चित्र अडखळतंय, आवाज मागे राहतोय, अशी तक्रार हमखास येते. पहिला उपाय म्हणजे फोन टीव्हीच्या जवळ आणा आणि मधली भिंत टाळा. आपल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती वायफायला चांगल्याच नडतात. दुसरं म्हणजे आजूबाजूचा रेडिओ गोंगाट. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकतात, म्हणून त्या परिसरात माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमीत कमी राहावा याची काळजी घेतात. तुमच्या खोलीतही लहान प्रमाणावर तसंच आहे. ब्लूटूथ स्पीकर, शेजारचा राऊटर, मायक्रोवेव्ह हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात बोलत असतात. नको ते बंद करा. फोन आणि टीव्ही दोघांत ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर चित्र जास्त सुरळीत चालतं, पण त्या लहरी भिंतीतून फारशा जात नाहीत, तेव्हा खोली एकच हवी. टीव्हीचं नावच यादीत दिसत नसेल तर टीव्हीचा प्लग काढून मिनिटभराने पुन्हा लावा आणि फोन बंद करून चालू करा. हे अगदी साधं वाटतं, पण बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

आयफोनवाल्यांचं वेगळं आहे. त्यात मिराकास्ट नाही, ॲपलचं स्वतःचं एअरप्ले आहे. २०१९ पासून सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या काही टीव्हींत ते बसवलेलं येतं. आयफोन आणि टीव्ही एकाच राऊटरला जोडायचे, वरच्या उजव्या कोपऱ्यातून बोट खाली ओढून ‘स्क्रीन मिररिंग’ निवडायचं आणि टीव्हीवर दिसणारा आकडा फोनमध्ये टाकायचा.

आता दुसरी वाट, कास्टिंग. जिथं नेट चांगलं आहे तिथं व्हिडिओ बघायला हीच वाट बरी, आणि याचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे बैलगाडा शर्यत. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३ च्या निकालानंतर शर्यतींवरचं बंदीचं सावट गेलं, आणि यात्रांच्या हंगामात घाटातल्या बाऱ्या, म्हणजे एकेका गाड्याच्या धावा, यूट्यूबवर लाईव्ह दिसतात. बारी सेकंदांत संपते. मिररिंगवर ती पाहायला गेलात तर बैल सुटताना दिसतील आणि पुढचं चित्र येईपर्यंत झेंडा पडलेला असेल. कारण फोनला एकाच वेळी नेटवरून चित्र आणायचं, ते पडद्यावर दाखवायचं, पुन्हा आवळून टीव्हीकडे धाडायचं, अशी तीन कामं असतात. कास्टिंगमध्ये टीव्ही स्वतः चित्र आणतो, म्हणून वेगाची दृश्यं स्वच्छ दिसतात. यूट्यूबच्या ॲपमध्ये वर टीव्हीच्या आकाराचं छोटं चिन्ह असतं, ज्याच्या कोपऱ्यात लहरी काढलेल्या असतात. ते दाबून टीव्ही निवडायचा, बस. चिन्ह दिसत नसेल तर फोन आणि टीव्ही वेगवेगळ्या वायफायवर आहेत असं बहुतेक वेळा निघतं. अशा वेळी टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘टीव्ही कोडने जोडा’ हा पर्याय शोधा. टीव्हीवर आलेला आकडा फोनच्या यूट्यूबमध्ये टाकला की फोन मोबाईल डेटावर असला तरी दोघं जोडले जातात.

घरी ब्रॉडबँड नसेल तर हॉटस्पॉटवर टीव्हीला नेट देता येतं. घरात दोन फोन असतील तर एकाने हॉटस्पॉट द्यावा आणि दुसरा फोन आणि टीव्ही दोन्ही त्याला जोडावेत. एकाच फोनने दोन्ही कामं केली तर काही फोनांत टीव्हीचं नाव दिसत नाही. मात्र डेटाकडे लक्ष ठेवा. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की साध्या दर्जाच्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज दीड-दोन जीबीचा रिचार्ज असलेल्या घरात एचडीवर एक चित्रपटसुद्धा पुरा होणार नाही. टीव्ही मोठा म्हणून आपोआप जास्त दर्जाचं चित्र मागतो. ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन दर्जा ४८० वर आणा. ३२ इंची टीव्हीवर आठ-दहा फुटांवरून बघताना ते पुरतं.

मिररिंगच्या वाटेवर एक प्रश्न मात्र हमखास येतो: ‘आवाज येतो, पण टीव्ही काळा दिसतो’. नेटफ्लिक्स, प्राइम, हॉटस्टार यांसारखी ॲप चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून मिररिंग करताना पडदा झाकतात. बँकेची आणि पैशाच्या व्यवहारांची बरीच ॲपही हेच करतात, आणि ते चांगलंच आहे. अशा ठिकाणी फोन किंवा टीव्ही बिघडला असं समजून दुरुस्तीला नेऊ नका. चित्रपट बघायचा तर त्या ॲपमध्ये कास्टचं चिन्ह असेल तर ते वापरा, नाहीतर ते ॲप टीव्हीतच घ्या.

वायरने जोडावं का? जमत असेल तर वायर सर्वांत भरवशाची. पण इथं फसगतही सर्वांत जास्त. चार्जिंगची वायर फोनमधून टीव्हीच्या यूएसबी खाचेत घातली की पडदा दिसेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. त्या खाचेतून फार तर फोन चार्ज होतो, आणि काही टीव्ही फोनमधले फोटो उघडून दाखवतात, तेही फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं तर. पडदा न्यायचा तर टाइप-सी टू एचडीएमआय केबल किंवा अडॅप्टर लागतो, आणि तो चालायला फोनमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते. सॅमसंगच्या वरच्या एस मालिकेत ती आहे. आयफोन १५ पासून टाइप-सी आलेल्या आयफोनांत आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुसंख्य फोनांत नाही. खाच टाइप-सीची दिसते, पण आतून चित्र बाहेर येत नाही. म्हणून केबल विकत घेण्याआधी दुकानातल्या टीव्हीवर, स्वतःच्या फोनने, चालवून बघा. एखादी केबल ‘हा कोड स्कॅन करा आणि आमचं ॲप उतरवा’ असं सांगत असेल, आणि ते ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरचं असेल, तर ती परत करा.

ज्यांना एवढं सगळं नको त्यांच्यासाठी पेन ड्राइव्ह अजूनही उत्तम आहे. ओटीजीची पिन असलेला पेन ड्राइव्ह फोनला लावा, व्हिडिओ त्यात उतरवा, तो काढून टीव्हीत घाला. साध्या एलईडी टीव्हीलाही हे जमतं, आणि वायफाय, नेट, जोडणी कशाचाच प्रश्न येत नाही. दोन गोष्टी सांभाळा. फाइल एमपी४ असावी. आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात मावत नाही. लग्नाचा अख्खा व्हिडिओ त्याहून मोठा असतो, तो फोटोग्राफरकडून तुकड्यांत मागून घ्या. घरात अजून जुना डबा टीव्ही असेल आणि त्याला डोंगल जोडायचं असेल, तर त्याच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांसाठी एचडीएमआय टू एव्ही असा छोटा डबा मिळतो. उलट दिशेचा, एव्ही टू एचडीएमआय, दिसायला अगदी तसाच असतो, तेव्हा त्यावरचं नाव वाचूनच घ्या.

हे सगळं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते शाळांसाठी. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत आश्रमशाळा आहेत, शिवाय पश्चिम पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या लहान शाळा आहेत. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. दीक्षा ॲपमधून तो स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. दीक्षा २०१७ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यातलं बरंचसं साहित्य फोनमध्ये उतरवून ठेवून नंतर नेटशिवाय बघता येतं. जिथं रेंज नाही अशा शाळेसाठी हेच मोलाचं आहे. गुरुजी किंवा बाई तालुक्याच्या बैठकीला घोडेगावात येतात तेव्हाच पुढच्या आठवड्याचे धडे फोनमध्ये उतरवून घ्यावेत. वर्गात जाऊन मिराकास्टने टीव्हीवर लावावेत. नेटचा एक थेंबही लागत नाही. यूट्यूबच्या ॲपमध्ये उतरवलेले व्हिडिओही असेच दाखवता येतात, फक्त त्यांना काही काळाने फोन पुन्हा नेटवर न्यावा लागतो, नाहीतर ते उघडत नाहीत. तेव्हा तेवढ्यावर अवलंबून राहू नका.

वर्गात दाखवण्याआधी शिक्षकाने एकदा सर्वांत मागच्या ओळीत, मुलांच्या उंचीला, जमिनीवर बसून टीव्ही पाहावा. तिथून अक्षर वाचता आलं नाही तर फोनवर दोन बोटांनी ते मोठं करून दाखवावं लागेल. पुस्तकाचं अख्खं पान ३२ इंची टीव्हीवर चाळीस मुलांना वाचता येत नाही, एका वेळी एक परिच्छेद येतो. खिडकीतला उजेड टीव्हीवर पडत असेल तर टीव्हीची भिंत बदला. आणि आवाज. जून ते सप्टेंबर भीमाशंकरच्या बाजूला जो पाऊस पडतो त्यात पत्र्याच्या छपराखाली टीव्हीचे स्पीकर ऐकूच येत नाहीत. टीव्हीच्या हेडफोनच्या खाचेतून वायरने जोडलेला वेगळा स्पीकर ठेवावा. ब्लूटूथचा नको, कारण तो मिररिंगच्या लहरींत अडथळा आणतो, हे वर आलंच आहे. व्हिडिओ सलग लावून देऊ नका. मुलांचा प्रश्न आला की फोनवर थांबवायचं, मागे न्यायचं, चित्रावर बोट ठेवून दाखवायचं. मिररिंगचा खरा फायदा तोच आहे. टीव्हीवर नुसता कार्यक्रम लावून हे साधत नाही.

शाळेबाहेरही कामं आहेत. ग्रामसभेत वनहक्काच्या दाव्याचा नकाशा, रस्त्याची मोजणी, कामाचं अंदाजपत्रक एकाच्या हातातल्या फोनवर बघण्याऐवजी टीव्हीवर लावलं की सगळ्यांना एकदम दिसतं आणि मागे बसलेल्या बायकाही बोलू लागतात. पेसा कायद्याखालच्या गावांत ग्रामसभेचा शब्द मोठा असतो, तो देण्याआधी कागद सगळ्यांनी पाहिलेला असावा. शेतीचंही तसंच आहे. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातून किंवा कृषी खात्याकडून आलेला रोगाचा फोटो मोठा करून बचत गटाच्या बैठकीत दाखवता येतो. पानावरचा ठिपका पाच इंची पडद्यावर कळत नाही, टीव्हीवर कळतो. फक्त एखाद्याचा सातबारा, आधार किंवा बँकेचं पासबुक सगळ्यांसमोर लावण्याआधी त्याला विचारा.

आणि मुंबई. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातून डबे पोहोचवायला आणि इतर कामांना गेलेली माणसं तिकडे आहेत, म्हातारी माणसं इकडे. नातवाचा चेहरा टीव्हीवर मोठा दिसला तर आजीला चष्मा शोधावा लागत नाही. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल मिररिंगने टीव्हीवर दिसतो, पण कॅमेरा आणि माइक फोनचाच राहतो. फोन टीव्हीच्या खाली, आजीकडे तोंड करून, डब्याला टेकवून ठेवा. तिने टीव्हीकडे पाहिलं तरी तिकडे तिचा चेहरा समोरून दिसेल. बोलण्याचा आवाज बऱ्याच फोनांत टीव्हीवर न जाता फोनमधूनच येतो, म्हणून फोनचा स्पीकर चालू ठेवा. दोन्हीकडून यायला लागला आणि घुमायला लागला तर टीव्हीचा आवाज शून्यावर आणा. या कॉलला नेट लागणार, हे उघड आहे.

मिररिंग चालू असताना फोनवर येणारा प्रत्येक संदेश टीव्हीवर उमटतो. पाहुण्यांसमोर बँकेचा ओटीपी, कुणाचा खासगी मेसेज, दवाखान्याचा रिपोर्ट. म्हणून आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा आणि काम झालं की जोडणी तोडा. नुसता टीव्ही बंद करून सोडू नका. शेजारच्या घरातला टीव्हीही यादीत दिसू शकतो, नाव वाचून निवडा. आपल्या टीव्हीला सेटिंग्जमध्ये ओळखीचं नाव देऊन ठेवलं की चूक होत नाही.

याच्याशी मिळतीजुळती, पण घातक गोष्ट वेगळी ओळखा. फोनवर अनोळखी माणूस बोलतो, बँकेतून किंवा वीज कंपनीतून असल्याचं सांगतो आणि एखादं ॲप घ्यायला किंवा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावतो. तेव्हा तुमचा पडदा घरातल्या टीव्हीवर जात नाही, त्याच्यासमोर जातो आणि ओटीपी त्याला वाचता येतो. दूरवरून फोन हाताळू देणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. घरच्या टीव्हीवर दाखवायला कुणाच्याही फोन कॉलची, कोडची, फीची गरज नसते. कुणी मागितली तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या क्रमांकावर कळवा. उशीर जितका कमी, रक्कम अडवली जाण्याची शक्यता तितकी जास्त.

राहिला विजेचा विषय. ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण ४० ते ६० वॉट वीज घेतो, राऊटर त्याच्या बराच खाली, तेव्हा घरातल्या लहान इन्व्हर्टरवर लाईट गेल्यावरही दोन्ही चालतात. मिररिंगने फोनची बॅटरी मात्र भराभर उतरते, चार्जर जवळ ठेवा. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की टीव्हीचा प्लग, डिशची केबल आणि राऊटरची केबल तिन्ही काढून ठेवा. रिमोटने किंवा भिंतीवरच्या बटणाने बंद करून भागत नाही, कारण वीज डिशच्या केबलवरूनही आत येते.